होंगओ: परत न दिलेला मासा

वास जिन्यातच आला. मला एकदम आठवलं ते पहिल्या नोकरीतलं ड्रॉइंग ऑफिस आणि तिथलं अमोनिया प्रिंटचं यंत्र. उन्हाळ्यात त्याच्यापाशी उभं राहिलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. आता तोच वास दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदरामागच्या एका खाणावळीत, आणि लोक बूट काढून हसत आत चाललेले.

जहाजाच्या तपासणीसाठी चार महिने इथे आहे. फोरमनसाहेबांनी ‘खाशील ना?’ असं तीनदा विचारून मग नेलं. होंगओ म्हणजे आपल्या पाकटाच्या नात्यातला मासा, आंबवलेला.

आम्ही मालवणकडचे. लहानपणी बाजारातून मोरी, म्हणजे छोटा शार्क, आणली की आई आधी हुंगायची. “वास मारता ही. परत दिवन ये,” म्हणून मला पिटाळायची. तो वासही हाच, फक्त शंभर पट कमी. मोरी, पाकट, होंगओ या सगळ्यांच्या अंगात युरिया असतो, खाऱ्या पाण्यात तगून राहायला. मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. गंमत अशी की त्या अमोनियात सडवणाऱ्या इतर जिवाणूंचं फारसं चालत नाही. त्यामुळे मिठाचा कणही न घालता हा टिकतो.

हुक्सान्दो बेटावरून होड्या नदीने वर नाजूच्या योंगसान्फो बंदराला जायच्या, कित्येक दिवस लागायचे, बाकीचे मासे वाटेत नासायचे, हा मात्र खाऊन कुणी आजारी पडेना; अशी इथली कथा. कथा खरी असो-नसो, हुक्सान्दोवर हद्दपार झालेल्या जोंग याक-जोन या विद्वानाने १८१४ साली माशांवर पुस्तक लिहिलं, त्यात नाजूकडच्या लोकांना हा मासा मुरलेलाच आवडतो अशी नोंद आहे. बेटावरचे लोक म्हणे ताजाच खातात. जोल्ला प्रांतात लग्नात किंवा मयताच्या जेवणात होंगओ नसेल तर यजमानाला नावं ठेवतात.

ताटात गुलाबी काप, उकडलेल्या डुकराचे चरबीदार तुकडे आणि वर्षभर मुरलेली किमची. तिन्ही एकावर एक ठेवून एकाच घासात घ्यायचं, याला सामहाप म्हणतात. पहिली दोन सेकंदं काहीच नाही. मऊ हाडं कुरकुरली, एवढंच. मग श्वास सोडला आणि नाकातून थेट कवटीपर्यंत कुणी काडी फिरवावी तसं झालं. फोरमनसाहेबांनी मक्कॉलीची, म्हणजे तांदळाच्या दारूची, वाटी पुढे सरकवली. हा घोट अनिवार्य आहे, शिष्टाचार म्हणून नव्हे.

चवीला फारसं काही नाही, खरं सांगतो. सगळा खेळ श्वासाचा. तरी पाचव्या घासाला हात आपणहून गेला. हुक्सान्दोचा अस्सल फार महाग. आम्ही खाल्ला तो अर्जेंटिनाचा निघाला.

रात्री आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, “आणि तेचे पैशे दिलंस?”

जॅकेट दोन दिवस गॅलरीत टांगलं होतं. घरमालकीण आजी ते हुंगून खूश झाल्या आणि दुपारी होंगओच्या काळजाचं, जवाच्या कोंबांचं वाफाळतं सूप घेऊन आल्या. ते मात्र मला दोन चमच्यांपुढे गेलं नाही.