पंचगंगेच्या काठाकाठानं

आमच्याकडं येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, मिसळ, तांबडा-पांढरा, जमलंच तर पन्हाळा, आणि जाताना चपला. यात वाईट काहीच नाही. पण दोन दिवसांत एवढं सगळं गाडीतून उतरून-चढून केलं की माणसाला कोल्हापूर कळत नाही, फक्त पार्किंग कळतं. म्हणून मी आता पाहुण्यांना नदीच्या मागं नेते. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात (पाचवी सरस्वती गुप्त, ती मोजायची आणि गप्प बसायचं), तिथून पंचगंगा शहराला वळसा घालते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. बघण्यासारखं बरंचसं या पाण्याच्या आसपासच आहे.

दिवाळीनंतर डोंबिवलीहून वन्सं आल्या होत्या, मुलांना घेऊन. सकाळी घाटावर नेलं. शिवाजी पूल दाखवला, आणि शेजारची घरांनी भरलेली उंचवट्याची वस्ती दाखवली. ही ब्रह्मपुरी. बघायला काही नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. गल्ल्या, दुचाक्या, वाळत घातलेले कपडे. पण कोल्हापूर वसलं ते इथं. 1877 साली इथं जुन्या नाण्यांचा साठा सापडला आणि 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षितांनी इथं रीतसर उत्खनन केलं. खाली सातवाहनांच्या काळातली विटांची घरं निघाली.

निघालेल्या वस्तू बघायला टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात जायचं. सीपीआर हॉस्पिटलच्या समोर, जुन्या झाडांच्या बागेत, टोकदार मनोऱ्यांची दगडी इमारत आहे; 1870 च्या दशकातली. कोल्हापूरच्या लोकांनी ही बाग हजारदा ओलांडलेली असते. पेशंटला डबा द्यायला आलेली माणसं इथल्या सावलीत बसतात. आत किती जण जातात, ते विचारू नका. आमचे हे जन्मानं शुक्रवार पेठेतले, तेसुद्धा लग्नानंतर माझ्याबरोबर पहिल्यांदा आत गेले.

आत पोसायडन आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, वीतभरसुद्धा नाही. उघडा, दाढीवाला, ऐटीत उभा. ब्रह्मपुरीच्या मातीतून निघालेला.

भाचा काचेला नाक लावून म्हणाला, "मामी, पण इथं समुद्र कुठाय?"

हाच खरा प्रश्न आहे आणि मला तो आवडतो. समुद्र घाटाखाली. रोमन जहाजं कोकणच्या बंदरांना लागायची, माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचा, आणि इथं तो विकत घेणारी माणसं होती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठच्या कुणा श्रीमंताच्या घरी परदेशी वस्तू मिरवत होती. वन्सं म्हणाल्या, "आपल्याकडं शोकेसमध्ये दुबईची घड्याळं असतात तसंच की." अगदी तसंच.

त्याच्याबरोबरच एक ब्राँझचा हत्ती सापडला, पाठीवर माणसं बसलेली. मला तो पोसायडनपेक्षा सरस वाटतो. माणसं अशी दाटीवाटीनं बसलीत, आणि घडवणाऱ्याचा हात असा सफाईचा आहे, की आपण त्यांच्या गप्पा ऐकायला थांबतो. शिशाची नाणीही बघा, धनुष्यबाणाचा छाप असलेली. विळिवायकुर वगैरे स्थानिक राजांची नावं त्यांच्यावर आहेत. पोसायडन 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या प्रदर्शनाला जाऊन आला. तिथं त्याला बघायला माणसांनी डॉलर मोजले असतील. इथं आम्ही सोडून कोणी नव्हतं.

दुसऱ्या दालनात चित्रं आहेत. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं शांतपणे बघावीत. शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा माणूस कोटितीर्थ तळ्याच्या आसपास राहिला आणि तळी, पाणी, झाडं रंगवत राहिला. महाराज 1922 ला गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. खरंखोटं तळ्याला माहीत. उरली त्यातली ही थोडी.

न्यू पॅलेसबद्दल मी फार बोलणार नाही, कारण तिथं तुम्ही जाणारच. चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुरचनाकारानं आराखडा केला, 1884 मध्ये इमारत पुरी झाली, काळा घडीव दगड, मनोऱ्यात घड्याळ. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, ते मान वर करून बघा. बाकी भुसा भरलेले वाघ इतके आहेत की तिसऱ्या खोलीत मला वाघांचीच कीव येते. मुलं मात्र खूश.

मुलांसाठीच कणेरी मठावरचं ग्रामजीवन संग्रहालयही सांगते. नदीशी त्याचा संबंध नाही, बेंगळुरूच्या रस्त्याला लागावं लागतं. बारा बलुतेदार, शेत, चावडी, लग्न, सगळं सिमेंटच्या पुतळ्यांत उभं केलंय. गाव जरा जास्तच नीटनेटकं आहे. माझ्या माहेरच्या गावात एवढं कोणी गोडीनं नांदत नव्हतं. पण घाणा, मोट, कुंभाराचं चाक मुलांना दाखवायला दुसरी सोय राहिलेली नाही, तेव्हा जा.

दुसरा दिवस खालच्या अंगाला. नृसिंहवाडीला संगम आणि दत्ताच्या पादुका. पुराचं पाणी उत्तरेच्या दारानं आत शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्यात स्नान करायला गर्दी करतात. पुराचाही सण करणारी माणसं आहेत ही.

तिथून खिद्रापूर. कृष्णेच्या काठावर, पलीकडं कर्नाटक. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकाचं; पुढं देवगिरीच्या यादव सिंघणानंही इथं दान दिल्याचा शिलालेख आहे. समोरच स्वर्गमंडप. छताला मधोमध गोल मोकळं आभाळ ठेवलंय, खाली तेवढीच गोल शिळा, आणि भोवतीच्या खांबांवर आपापल्या वाहनांसह दिक्पाल. दुपारी बाराच्या सुमाराला जा, उन्हाचा गोळा शिळेवर येतो. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र बघायला लोक येतात, पण तेव्हा माणसांचीच डोकी दिसतात.

इथं नंदी नाही. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, म्हणून तो इथं नाही. तो नदीपलीकडं यडूरला. महादेव कोपलेला, आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू, धोपेश्वर, गाभाऱ्यात शेजारीच. वन्सं हे ऐकून नवऱ्याकडं बघून हसल्या. भाऊजी बाहेर भिंतीच्या तळाचे हत्ती मोजत होते. बऱ्याच हत्तींच्या सोंडा फुटल्यात, तरी प्रत्येकाचा साज वेगळा. ते दोनदा मोजून दोन वेगळे आकडे घेऊन आले.

येताना वाडीला बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. सोमवारी मात्र येऊ नका, टाऊन हॉल बंद असतो. पावसाळ्यात निघणार असाल तर आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारा. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 ला ती 55 च्याही वर गेली होती. आकडा चढता असेल तर शिरोळकडं, म्हणजे नृसिंहवाडी-खिद्रापूरच्या बाजूला, फिरकू नका, सरळ आमच्याकडं या, पांढरा रस्सा करते.