खाल्लेलं अंगी लागणं

आई आता ७३ वर्षांची आहे. गेल्या वर्षी कित्येक महिने ती तळपायांना मुंग्या येतात म्हणत होती. रात्री उठली की भिंतीला हात लावून चालायची. गॅसवर दूध ठेवून विसरायची, एकच गोष्ट दोनदा-तीनदा विचारायची. ‘वयोमानाने होतं,’ असं घरात सगळेच म्हणायचे. मीही म्हणत होते, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हिमोग्लोबिन तपासलं होतं, ते व्यवस्थित होतं. त्यामुळे रक्ताचा प्रश्न नाही असं आम्ही धरून चाललो. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी बी-१२ हे जीवनसत्त्व तपासायला सांगितलं. आकडा आला ११८. बहुतेक प्रयोगशाळा २००च्या खाली कमतरता धरतात.

मला पटेना. आई रोज दूध पिते, दही खाते, अधूनमधून अंडंही खाते. मग कमी पडलं कसं?

डॉक्टरांनी कागदावर जठराचं चित्र काढून समजावलं. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पाचकरस ते सुटं करतात. मग जठरातच तयार होणारं एक वेगळं प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं आणि तिथून ते रक्तात जातं. उतारवयात अनेकांच्या जठराचं अस्तर झिजतं, आम्ल कमी होतं. त्यात आई सहा वर्षं पित्ताची गोळी घेत होती, तीही आम्ल कमी करणारीच. दूध पोटात जात होतं, पण त्यातलं बी-१२ सुटंच होत नव्हतं. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षांचा साठा असतो. तो सरेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही.

आणि हिमोग्लोबिन? अशक्तपणा वाटतो म्हणून आई एक टॉनिक घ्यायची, त्यात फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे ‘बी’ गटातलंच आणखी एक जीवनसत्त्व होतं. बी-१२ कमी असताना फॉलिक अ‍ॅसिड रक्त सावरून धरू शकतं, नसांना मात्र वाचवत नाही. रक्ताचा रिपोर्ट चांगला येत राहिला आणि आत नसा बिघडत राहिल्या. हे ऐकल्यावर मी बराच वेळ बोलू शकले नाही. ते टॉनिक मीच आणून देत होते.

लहानपणी काटकुळ्या मुलांबद्दल मोठी माणसं म्हणायची, ‘खाल्लेलं अंगी लागत नाही.’ हे शब्द मी आता फार गंभीरपणे घेते. तान्ह्या मुलाचं शरीर अन्नातलं ६० टक्क्यांपर्यंत कॅल्शियम शोषू शकतं, मोठ्या माणसाचं साधारण २५ टक्के. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तिची हाडं आत्ता भरतायत. विशीच्या अखेरीपर्यंत जेवढी भरतील तेवढ्या ठेवीवर पुढचं सगळं आयुष्य काढायचं असतं. म्हणून तिने जेवण टाळलं की मी आता गप्प बसत नाही. पाळी सुरू झाल्यापासून तिला लोहही जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर डाळी-भाज्यांतलं लोह कमी शोषलं जातं, लिंबू पिळलं तर जास्त. तिचा चहा आम्ही तासभर पुढे ढकललाय. यावर भांडण झालं, पण झालं.

काही गोष्टींना तर मुदतच असते. गर्भातल्या बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८व्या दिवशी बंद होते. तोवर कित्येक बायकांना दिवस गेल्याचंही माहीत नसतं. म्हणून ती नीट बंद व्हायला लागणारं रोजचं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीच सुरू करायचं असतं. मी दुसऱ्या महिन्यात सुरू केलं. मुलगी सुखरूप आहे. तरी माझ्या धाकट्या बहिणीला मी हे लग्नानंतर लगेच सांगितलं. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हा ज्यांच्या आया गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत उपाशी होत्या, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकार जास्त आढळला. जन्मतः त्यांचं वजन मात्र नेहमीसारखंच होतं.

आईला आधी इंजेक्शनं दिली, आता गोळी. गोळीतलं बी-१२ सुटंच असतं, त्याला आम्लाची गरज पडत नाही. पित्ताची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवली. रात्रीचं तिचं ‘पोटाला हलकं’ म्हणून नुसत्या पातळ सुपावर भागवणंही बंद केलं. म्हातारपणी स्नायू टिकवायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिन हवं. तिचं वजन ५२ किलो. सुपातून ते कुठून मिळणार!

आता ती दूध विसरत नाही. रात्री पॅसेजमधून भिंतीला न धरता जाते; मी दोनदा जागी राहून पाहिलंय. उजव्या पायाचा अंगठा मात्र अजून बधिर आहे. तो पूर्ववत होईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत.