हार्वी पीकरची चार पानं

रविवार, रात्री

दुपारपासून हार्वी पीकर या अमेरिकी लेखकाची कॉमिक्स वाचते आहे. त्यातही चार पानं पुन्हा पुन्हा. गोष्टीचं नाव ‘द हार्वी पीकर नेम स्टोरी’. एक माणूस समोर उभा राहून आपल्या नावाबद्दल बोलतो. टेलिफोन डिरेक्टरीत त्याला आपल्याच नावाचा आणखी एक जण सापडतो, मग आणखी एक. असलं दुर्मीळ नाव, आणि एका शहरात तिघं! पुढे त्या दोघांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. ज्यांना कधी भेटला नाही, त्यांच्या जाण्याने हा अस्वस्थ होतो. काही काळाने डिरेक्टरीत पुन्हा एक नवा हार्वी पीकर उगवतो. घडतं ते एवढंच.

चित्रं रॉबर्ट क्रम या चित्रकाराची. पानावर बारा चौकटी, आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीत तोच माणूस, तसाच समोरून. नजरेत किंचित फरक, ओठ मिटलेले किंवा उघडे. मध्येच एखादी चौकट बिनशब्दांची येते. तो थांबलेला असतो म्हणून मीही थांबते. कथेत ‘तो गप्प झाला’ असं लिहावं लागतं आणि डोळे ते वाक्य ओलांडून पुढे जातात. इथे गप्प राहण्याला कागदावर बोलण्याइतकीच जागा मिळते. हे मला कॉमिक्सखेरीज कुठे सापडलेलं नाही.

पीकर क्लीव्हलंडचा. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फाइल क्लार्क, आणि नाव झाल्यावरही २००१ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच. त्याला चित्र काढता येत नसे. चौकटी आखून, त्यात काड्यांची माणसं काढून, संवाद लिहून तो कागद चित्रकारांकडे द्यायचा. क्रमशी ओळख झाली ती जुन्या जॅझ रेकॉर्ड गोळा करण्याच्या वेडातून. क्रम तेव्हा त्याच शहरात ग्रीटिंग कार्डांच्या कंपनीत कामाला होता. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९६८ साली तिथे त्याच्या ‘झॅप’ या कॉमिकचा पहिला अंक निघाला. पीकर क्लीव्हलंडलाच राहिला. १९७६ मध्ये त्याने पदरचे पैसे घालून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ हे स्वतःचं कॉमिक काढलं आणि पुढे वर्षाकाठी साधारण एक अंक काढत राहिला. एका गोष्टीत तो सुपरमार्केटच्या रांगेत म्हाताऱ्या बायकांच्या मागे उभा आहे. गोष्ट त्या रांगेचीच.

संपादक असता तर त्याने विचारलंच असतं, यात घडतं काय? तो प्रश्न विचारायला कुणी नव्हतं म्हणून ही पानं आहेत, असं मला मनापासून वाटतं. १९५४ साली अमेरिकेतल्या मोठ्या कॉमिक्स प्रकाशकांनी मुलांवरच्या परिणामांच्या गदारोळात स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. सज्जनांचा विजय झालाच पाहिजे, पोलीस आणि न्यायाधीशांबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. संहितेचा शिक्का नसलेला अंक बहुतेक विक्रेते ठेवत नसत. क्रमसारख्या, मोठ्या प्रकाशकांबाहेर राहून कॉमिक्स काढणाऱ्या ‘अंडरग्राउंड’वाल्यांनी शिक्क्याचा विचारच सोडला. हिप्पींच्या दुकानांत, हातोहात, मिळेल तिथे अंक विकले.

त्या मोकळेपणात पुष्कळ घाणही आली. त्या काळातली काही पानं, क्रमचीसुद्धा, बाई म्हणून मला वाचवत नाहीत. पुस्तक मिटून बाजूला ठेवते. पण उत्तरही त्याच वाटेने आलं. चित्रकार ट्रिना रॉबिन्स आणि तिच्या मैत्रिणींनी १९७० साली फक्त बायकांनी केलेला अंक काढला. त्यांनाही कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही, आणि मला या सगळ्या चळवळीत सगळ्यात प्रिय काही असेल तर ते हे.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर ओरिजित सेनचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ हे चित्रकादंबरीचं पुस्तक. १९९४ साली कल्पवृक्ष या संस्थेने छापलं. विषय नर्मदेवरचं धरण. शहरातून गेलेला पत्रकार विष्णू आणि नदीच्या जन्माचं गाणं गाणारा मलगू गायन, दोघांच्या गोष्टी एकमेकींत मिसळत जातात. मिथकाची पानं आणि मोर्चाची पानं सेन वेगवेगळ्या हाताने काढल्यासारखी काढतो. धडगाव-अक्कलकुव्याकडची गावं पाण्याखाली गेल्याच्या बातम्या आपण मराठी वर्तमानपत्रांत वाचल्या. त्या बातम्यांत हे गाणं नव्हतं. मूळ आवृत्ती संपल्यावर वर्षानुवर्षं पुस्तक मिळत नव्हतं. २०२२ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने ते पुन्हा आणलं. इतक्या मोलाचं पुस्तक इतकी वर्षं मिळू नये, याचा मला अजून राग येतो.

पीकर वाचताना आज सारखं तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूमचं चित्र डोळ्यांपुढे येत होतं. फडक्यात बांधलेले गठ्ठे, सातबारा शोधत ताटकळणारी माणसं, दुपारी डबा उघडून जमिनीच्या भांडणांच्या गोष्टी सांगणारा कारकून. अशा एखाद्या कारकुनाने काड्यांची माणसं काढून चौकटी आखाव्यात, चित्र काढणारा दोस्त गाठावा आणि शंभर प्रती छापून घ्याव्यात. मराठीत, स्वतःच्या हातच्या अक्षरात. पहिली प्रत मी घेईन, आणि ओळखीच्यांना वाटायला आणखी दहा.