पर्जन्यछायेची नोंदवही : पावसाच्या बेरजेकडून पावसाच्या खंडाकडे

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात हौसेने हवामानाच्या नोंदी ठेवण्याचे माझे काम मागील टिपणानंतर बरेच पुढे सरकले आहे, आणि त्याबरोबर नोंदवहीचा रोखही बदलला आहे. पूर्वी वहीत पाऊस, कमाल तापमान आणि किमान तापमान एवढेच तीन रकाने होते व महिनाअखेरीस येणारी पावसाची बेरीज हाच सगळ्या कामाचा शेवट असे. आता बाष्पीभवन, ओल्या तापमापकाचे वाचन, वाऱ्याची दिशा आणि ढगांची जात हे रकाने वाढले आहेत. कोरड्या मुलखाचा स्वभाव ओळखायचा असेल, तर पाऊस किती पडला यापेक्षा दोन पावसांच्या मध्ये किती दिवस गेले आणि त्या दिवसांत हवेने किती पाणी ओढून नेले हे पाहणे अधिक मोलाचे आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

या भागाची मूळ परिस्थिती थोडक्यात मांडते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला हवाई अंतराने जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या माणदेशात हा आकडा पाचशेच्या आसपास घुटमळतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचा मोठा भाग घाटमाथ्यावरच रिता होतो. पुढे तीच हवा पूर्वेकडे खाली उतरते तेव्हा दर किलोमीटरला जवळपास दहा अंश सेल्सियसने तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घसरते आणि ढग विरू लागतात. पाऊस भागिले संभाव्य बाष्पोत्सर्जन (पाण्याची कमतरता नसती तर जमिनीतून आणि झाडांतून हवेने ओढून नेले असते तेवढे पाणी) हे गुणोत्तर ०.२ ते ०.५ यांच्या दरम्यान असेल तर प्रदेश निमशुष्क मानला जातो. सोलापूर, सांगोला, आटपाडी, जत, माण या साऱ्या पट्ट्यात वर्षाचे संभाव्य बाष्पोत्सर्जन पावसाच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक असल्यामुळे हा पट्टा या व्याख्येत नेमका बसतो. गुणोत्तराच्या अंशस्थानी असलेला पाऊस सगळेच मोजतात. छेदाकडे मात्र हौशी निरीक्षकांचे फारसे लक्ष जात नाही, आणि या भागातील ऋतूंची खरी ओळख त्या छेदातच आहे.

पर्जन्यमापक आहे तेथेच ठेवला आहे. त्याची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंचीवर आहे आणि जवळच्या बाभळीपासूनचे अंतर तिच्या उंचीच्या चौपटीहून अधिक आहे. वाचन रोज सकाळी ८.३० वाजताच घ्यायचे, ही शिस्त मी कधी मोडत नाही, कारण भारतीय हवामानशास्त्र विभागाचे चोवीस तास त्याच वेळेला संपतात आणि वेळ वेगळी ठेवली तर आपली नोंद कोणाच्याच नोंदीशी ताडून पाहता येत नाही. विभागाच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो दिवस पावसाळी ठरतो. ही व्याख्या मी पाळते, परंतु तिच्या खालचे आकडेही तितक्याच काळजीने लिहिते. त्याचे कारण जुलैच्या नोंदींत आहे.

पर्जन्यछायेतला जुलै बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगणे अवघड जाते. आकाश दिवसदिवस भरलेले असते, वारा पश्चिमेकडून इतका जोराचा असतो की अंगणातले पत्रे वाजत राहतात, आणि तरीही पाऊस नसतो. स्ट्रॅटोक्युम्युलस, म्हणजे कमी उंचीवरच्या पसरट ढगांचे करडे थवे पूर्वेकडे पळत असतात. त्यांची जाडी बेताची असते, आणि घाट उतरून आलेल्या हवेत त्यांना वर वाढायला वाव मिळत नाही. मधूनच ढगांना फट पडली की खूप उंचावर सिरस ढगांचे तंतू दिसतात आणि नीट पाहिले तर ते उलट दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असतात. पावसाळ्यात चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवरून वाहणाऱ्या पूर्वेकडील जोरदार प्रवाहाची ती खूण असते. खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा, हे दृश्य एखाद्या खांबाची किंवा छपराची कड संदर्भाला धरून काही मिनिटे पाहिले तर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते, आणि ज्यांनी ते अजून पाहिलेले नाही त्यांनी जुलैमध्ये अवश्य पाहावे.

या दिवसांत अधूनमधून भुरभुर येते. पर्जन्यमापकात अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून कमी. महिन्याच्या बेरजेत ही भुरभुर नगण्य ठरते, आणि जोराच्या वाऱ्यात बारीक थेंब मापकाच्या तोंडावरून वाहून जात असल्यामुळे ती प्रत्यक्षापेक्षा कमीच मोजली जाते. बाष्पीभवन पात्र मात्र वेगळी हकिकत सांगते. हे पात्र मी जस्ताच्या पत्र्याचे करून घेतले आहे. त्याचा व्यास १.२२ मीटर असून ते लाकडी फळ्यांच्या चौकटीवर बसवले आहे आणि पाखरांनी पाणी पिऊ नये म्हणून वर जाळी आहे. पात्रात एक टोकदार खूण पक्की केली आहे आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत मापाने पाणी भरायचे, एवढीच मोजणीची रीत आहे. या व्यासाच्या पात्रात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १.१७ लिटर पाणी होते. पाऊस झालेल्या दिवशी पर्जन्यमापकाचा आकडा हिशेबात धरावा लागतो. मे महिन्याच्या कडक दिवशी बारा मिलिमीटर म्हणजे तब्बल चौदा लिटर पाणी भरावे लागते. जुलैमधल्या झाकोळलेल्या, भुरभुरीच्या दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्शात काम भागते. ज्या दिवसाला व्याख्येप्रमाणे पावसाळी म्हणता येत नाही तो दिवस जमिनीतली ओल राखण्याचे काम करत असतो, हे या पात्रामुळे मला आकड्यांत दिसू लागले. त्याच जुलैमध्ये ढग फाटून लख्ख ऊन पडले आणि वारा तसाच राहिला, तर मात्र बाष्पीभवन झपाट्याने वाढते. पाऊस दोन्ही आठवड्यांत सारखाच शून्य असला, तरी दोन्ही आठवडे सारखे नसतात.

यावरूनच खंड मोजण्याची पद्धत मी बदलली. पूर्वी २.५ मिलिमीटरहून कमी पावसाचे सलग दिवस मोजून थांबत असे. आता त्या दिवसांतील बाष्पीभवनाची बेरीज खंडाच्या शेजारी लिहिते. पंधरा दिवसांचा एक खंड ढगाळ हवेत साठ मिलिमीटरवर संपतो आणि तेवढ्याच दिवसांचा दुसरा खंड उन्हात शंभराच्या पुढे जातो, तेव्हा बाजरी पहिल्यात तग धरते आणि दुसऱ्यात माना टाकते, याचा उलगडा होतो. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाने तेव्हा कशी ओढ दिली हे बेरजेतून कळतेच, परंतु त्या काळात आकाश किती वेळ निरभ्र होते हे नोंदलेले असेल तर त्या ओढीची खरी किंमत कळते.

सप्टेंबरमध्ये सगळा पट उलटतो. पश्चिमेचा वारा मंदावतो, ऊन तापू लागते, जमिनीत थोडी ओल असते, आणि दुपारनंतर पूर्वेच्या व ईशान्येच्या क्षितिजावर क्युम्युलस ढगांचे मनोरे उभे राहतात. घाटमाथ्यावर पावसाचा जोर जुलैत असतो. या पट्ट्यात मात्र सर्वाधिक पावसाचा महिना बहुधा सप्टेंबर असतो. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे, म्हणजे साधारण १३ सप्टेंबरपासून १० ऑक्टोबरपर्यंतचा काळ, इथल्या शाळू ज्वारीचे भवितव्य ठरवतो, आणि जुन्या माणसांचे लक्ष मृगापेक्षा हस्ताकडे अधिक का असते हे पावसाचा मासिक आलेख काढला की लगेच ध्यानात येते. हा पाऊस गडगडाटी असतो आणि अगदी तुटक पडतो. एका शिवारात ताली (बांध घातलेली शेते) भरून वाहतात आणि दोन मैलांवरच्या शिवारात धूळही बसत नाही. म्हणून या भागात एका मापकावरून तालुक्याचा पाऊस सांगण्यात अर्थ नाही. ‘महावेध’ प्रकल्पातील स्वयंचलित केंद्रांमुळे महसूल मंडळनिहाय आकडे मिळू लागले, ही मोठी सोय झाली; तरीही गडगडाटी ढगाचा पसारा अनेकदा मंडळापेक्षाही लहान असतो. त्यामुळे परिसरातील दोन स्नेह्यांनी बसवलेल्या मापकांची वाचने मी आता स्वतंत्र रकान्यांत उतरवते. जुलैत तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा एकमेकांशी काही मेळ राहत नाही. पावसाची जात बदलल्याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

परतीच्या काळात कधीकधी बंगालच्या उपसागरातील प्रणाली थेट या पट्ट्यावरून जातात. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणातून पुढे सरकून दुसऱ्या दिवशी सोलापूर-पंढरपूर भागावर आले आणि एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत पूर आला. अशा एका प्रणालीने वर्षाची सरासरी गाठली जाते. पण तो बहुतेक पाऊस ओढ्यांतून वाहून जातो. सरासरी गाठल्याचा आनंद मानण्याआधी पाऊस किती तासांत पडला हे पाहिले पाहिजे.

हिवाळ्याबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यातील काम अजून चाचणीच्या पातळीवर आहे. कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि मंद वारा यांमुळे रात्री जमीन वेगाने उष्णता गमावते आणि थंड हवा ओढ्याकाठी साचते. माळावर आणि ओढ्याच्या काठी अशा दोन ठिकाणी किमान तापमापक ठेवले असून शांत रात्री त्यांत काही अंशांचा फरक पडतो. आभाळ आले की हा फरक मिटतो. दव मोजण्यासाठी चारशे चौरस सेंटिमीटरचे एक पातळ ताट रात्री उघड्यावर ठेवून पहाटे ते वजनकाट्यावर तोलते. चार ग्रॅम वाढ म्हणजे ०.१ मिलिमीटर दव. दवाचे आकडे एवढेच लहान असतात, मात्र शाळूच्या पानावर सकाळी उशिरापर्यंत टिकणारा ओलावा त्यातूनच येतो.

उन्हाळ्यात सर्वांत उपयोगी पडते ती कोरड्या-ओल्या तापमापकांची जोडी. ओल्या तापमापकाची मलमलीची वात शुद्ध पाण्यातच भिजवावी लागते, कारण इथल्या विहिरीच्या पाण्याने चारआठ दिवसांत तिच्यावर क्षार चढतात, ती कडक होते आणि वाचन खोटे वर जाते. एप्रिलच्या दुपारी कोरडा तापमापक ३९ आणि ओला २० अंश दाखवत असेल, तर या भागाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर सापेक्ष आर्द्रता सुमारे १३ टक्के आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो अंश, ६ च्या आसपास येतो. तापमान आणि दवबिंदू यांतील फरकाला १२५ ने गुणले की ढगाच्या तळाची अंदाजे उंची मीटरमध्ये मिळते. इथे ती चार किलोमीटरच्या पुढे जाते. एवढ्या उंचीवरून पडणारा थेंब कोरड्या हवेतून येताना वाटेतच आटतो. ढगाखाली लोंबणाऱ्या पावसाच्या झालरी दिसतात, सोसाट्याचा वारा आणि धुरळा येतो आणि मापकात दोन थेंबही पडत नाहीत. जूनच्या सुरुवातीला हीच वाचने २९ आणि २४ झाली की दवबिंदू २२ अंशांवर पोहोचतो आणि ढगाचा तळ नऊशे मीटरच्या आत उतरतो. मोसमी हवा आल्याची माझी स्वतःची कसोटी आता हा सलग टिकणारा दवबिंदू आहे. वळवाच्या एखाद्या सरीनंतर तो एका रात्रीपुरता वर जातो आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा कोसळतो. मोसमी हवा आली की दुपारीही तो टिकून राहतो. पाऊस त्यानंतर कित्येक दिवस आला नाही तरी ऋतू बदललेला असतो.

वर्षावर्षांतील फरकाबाबत मी घाईने निष्कर्ष काढत नाही. २०१५ साली प्रबळ एल निनो (प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याची स्थिती) होता, देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ८६ टक्के झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. परंतु १९९७ सालीही एल निनो तितकाच प्रबळ होता आणि देशाचा पाऊस सरासरीहून किंचित अधिक झाला. प्रशांत महासागराच्या तापमानाकडे लक्ष जरूर ठेवावे, पण त्यावरून एका तालुक्याच्या सप्टेंबरचे भाकीत करू नये.

पुढच्या हंगामासाठी दोन कामे ठरवली आहेत. पात्राशेजारी, त्याच्याच उंचीवर, वाऱ्याचा वेग मोजणारा छोटा वायुवेगमापक बसवायचा आहे, म्हणजे खंडाच्या काळातील बाष्पीभवनात उन्हाचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती हे वेगळे काढता येईल. दुसरे काम सप्टेंबरच्या सरींचे आहे. तिन्ही मापकांपाशी सर सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ लिहिण्याचे स्नेह्यांनी मान्य केले आहे. ढग कोणत्या दिशेने सरकला आणि एका मापकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा जोर किती उरला, हे त्या वेळांवरून काढण्याचा प्रयत्न करणार आहे.