मुलाखती उतरवून घेणारा संगणक निवडताना

दशावतारी कलावंतांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती मजकुरात उतरवण्यासाठी संगणक घ्यायचा असेल, तर मजकूर बोलता बोलता पडद्यावर दिसायला हवा की सकाळपर्यंत तयार झाला तरी चालेल, हे आधी ठरवावे. खर्चातला मोठा फरक त्यावरच अवलंबून असतो. माझे काम दुसऱ्या प्रकारचे आहे. दशावतारातले संवाद बहुतांशी रंगमंचावरच सुचतात आणि त्यांची लिखित संहिता नसते, त्यामुळे कलावंताचे बोलणे नेमके उतरणे महत्त्वाचे. ते दोन तासांत उतरले काय किंवा सहा तासांत, कोणाचे काही अडत नाही.

मी ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले व्हिस्पर हे बोलणे मजकुरात उतरवणारे सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्या सर्वांत लहान मॉडेलमध्ये ३.९ कोटी पॅरामीटर (मॉडेलने शिकून साठवलेले आकडे) आहेत, तर सर्वांत मोठ्यामध्ये सुमारे १५५ कोटी. स्पष्ट इंग्रजीसाठी लहान मॉडेलवर भागते, मराठीसाठी मात्र मोठेच घ्यावे लागते (मालवणीचे हेल त्यालाही पुरते झेपत नाहीत, हे वेगळे). ते मूळ स्वरूपात चालवायला ग्राफिक कार्डवर सुमारे १० जीबी मेमरी लागते. म्हणून कार्ड घ्यायचेच झाल्यास ८ जीबीच्या आरटीएक्स ४०६० पेक्षा आधीच्या पिढीतले १२ जीबीचे ३०६० या कामाला सोयीचे, असे माझे मत आहे. कार्ड नसले तरी अडत नाही. प्रत्येक आकडा १६ ऐवजी ८ बिटांत साठवला की हेच मॉडेल सुमारे दीड जीबीत मावते, आणि व्हिस्पर.सीपीपी या व्हिस्परच्या हलक्या आवृत्तीच्या साहाय्याने, सावकाश का होईना, साध्या प्रोसेसरवरही चालते.

वाचलेले पैसे मायक्रोफोनवर खर्च करावेत. व्हिस्पर कोणताही आवाज १६ किलोहर्ट्झवर आणूनच ऐकते, त्यामुळे महागड्या साउंड कार्डाचा येथे उपयोग नाही. पण पत्र्यावर पाऊस कोसळत असताना लॅपटॉपचा अंगचा माइक पावसासकट सगळे टिपतो, आणि अशा गोंगाटात मॉडेल कोणी न उच्चारलेली वाक्येही लिहून ठेवू शकते. तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक बाजूचा गोंगाट कमी घेतो आणि दमट हवाही कंडेन्सर प्रकारच्या माइकपेक्षा बरी सोसतो.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच, कारण घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर (ज्यात बॅटरीवर जायला किंचित वेळ लागतो) असेल तर वीज गेल्याक्षणी संगणक बंद पडून रात्रीचे काम अर्धवट राहू शकते. खाऱ्या हवेने धातूचे संपर्कबिंदू गंजतात, म्हणून किनाऱ्यालगत जुने कार्ड विकत घेणाऱ्याने त्याची सोनेरी कड उजेडात धरून तपासावी.