आधी दारं मोज

२०२४ च्या जुलैचा शेवटचा आठवडा. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी कोल्हापुरात एका दैनिकाच्या डिजिटल डेस्कवर इंटर्नशिप करत होते. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आली की वेबसाइटवर चढवायची, इन्स्टाग्रामसाठी कार्ड करायचं, फेसबुकच्या कमेंट बघायच्या, एवढंच काम. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या दिवशी पंचगंगेनं ४३ ओलांडले होते आणि वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाचे दरवाजे उघडायला सुरुवात झाली होती.

संध्याकाळी साडेसहाला तो व्हिडिओ आला. अठ्ठावीस सेकंदांचा. धरणाच्या दारांतून फेसाळत कोसळणारं पाणी, वर धुक्यासारखे तुषार, आणि त्यावर आपल्याच भागातल्या माणसाचा घाबरलेला आवाज : ‘राधानगरी फुटायला आलंय, सगळी दारं उघडल्यात, दोन तासांत पाणी कोल्हापुरात, चिखली-आंबेवाडीकरांनो बाहेर पडा.’ दहा मिनिटांत तो माझ्याच फोनवर सात ग्रुपांतून आला. डोक्यावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे किती हातांतून फिरून आला होता याची गणती नाही. एका स्थानिक पेजनं तर लाल पट्टी लावून टाकूनही दिला होता.

मीही मथळा लिहिला होता. ‘राधानगरीचे सर्व दरवाजे उघडले?’ बोट पब्लिशच्या बटणावर होतं. शिफ्टच्या मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘हा प्रश्न तू कुणाला विचारतेयस? वाचकाला? त्यानं कुठून शोधायचं उत्तर?’ मी मथळा पुसला. तेव्हापासून प्रश्नचिन्हाचा मथळा दिसला की माझा हात आखडतो. ज्याला रात्रीत घर सोडायचं की नाही हे ठरवायचंय, त्याच्या हातात आपण आपली शंका कशी ठेवायची?

मग वर्गात शिकलेलं सगळं करून बघितलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलमध्ये मूळ तारीख-ठिकाण काही उरत नाही, तो रस्ता बंद. इनव्हिड या व्हिडिओ पडताळायच्या टूलमध्ये तो घालून त्याच्या फ्रेम सुट्या केल्या, गूगल लेन्सवर टाकल्या, यांडेक्स या दुसऱ्या सर्च इंजिनवर टाकल्या. चित्र इतकं चिरडलेलं होतं की लेन्स मला देशभरातले धबधबे दाखवत होती. वीस मिनिटं गेली. तेवढ्यात आंबेवाडीच्या मावशीचा फोन : ‘अगं, खरं काय? काका म्हशींसाठी मागं राहिल्यात, त्यांना अंधारात बाहेर काढू काय?’ निम्मं गाव सोनतळीला गेलं होतं. मावशी तिथल्या छावणीत, काका गोठ्यात.

ते वाक्य ऐकून मला ब्रह्मनाळ आठवलं. २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या या गावातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. पुरात घाईनं बाहेर पडणं हेसुद्धा संकटच असतं. आणि वर्गात शिकवलेलं राईनपाडाही आठवलं, धुळे जिल्ह्यातलं. १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तिथं पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाच चॅटवरच मेसेज पुढं पाठवण्याची मर्यादा आणली. वर्गात ही सगळी ‘केस’ होती. इथं काका होते.

राधानगरीच्या आमच्या जुन्या बातमीदारांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांना व्हिडिओ पाठवला आणि फोन लावला. त्यांनी तो माझ्याशी बोलता बोलताच बघितला आणि म्हणाले, ‘पोरी, आधी दारं मोज की.’

मी मोजली. पाणी सुटलेली दहा, कडेची अर्धवट दिसणारी धरून बारा.

‘आमची स्वयंचलित दारं सात. पाणी पातळीला लागलं की आपापली उघडत्यात, पातळी उतरली की मिटत्यात. बटण दाबायला माणूस लागत नाही. एका दारातनं १४२८ क्युसेक. ही बारा दारं आणली कुठनं?’

सात आणि बारा. कुठलं सॉफ्टवेअर लागलं नाही. मी अर्धा तास ज्या व्हिडिओकडे बघत होते, त्यात मी पाणी बघत होते, धरण बघितलंच नव्हतं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. हेडफोन घालून आवाज ऐकला : बोलणाऱ्याच्या मागं पाण्याचा आवाजच नाही, पंख्याची घरघर आहे. धरणावर उभं राहून कुणी असं बोलू शकत नाही, ओरडावं लागतं. घरात बसून बोललेला आवाज जुन्या चित्रावर चिकटवला होता. आता कुठलं धरण शोधायचं तेही कळलं. बारा दरवाज्यांची धरणं यूट्यूबवर धुंडाळली आणि पाऊण तासात मूळ व्हिडिओ सापडला, काही वर्षांपूर्वीचा, श्रीशैलमचा. आंध्र आणि तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेवरचं धरण. आपली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढं तिथं पोचतं. आमच्याच नदीच्या खालच्या टोकाचं चित्र आमच्या उशाशी आणून ठेवलं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी आमची बातमी गेली : दोन्ही धरणांचे फोटो शेजारी, वर लाल फुली, नीट मजकूर. साडेआठपर्यंत ती जेमतेम काहीशे लोकांनी बघितली. अफवा मात्र धावतच होती. मला रडू यायचं बाकी होतं. खोटं आवाजात आलं होतं, ओळखीच्या बोलीत, फोन कानाला लावून ऐकता येईल असं. आमचं खरं वेबसाइटवर होतं, लिंक उघडून वाचायचं. गोठ्यात उभा असलेला माणूस ओल्या हातानं लिंक उघडत नाही.

मी मॅडमना म्हटलं, अण्णांचा आवाज पाठवू या. अण्णा छत्री घेऊन, राधानगरी धरण जिच्यावर आहे त्या भोगावती नदीच्या पुलाजवळ गेले आणि चाळीस सेकंद बोलले. आधी स्वतःचं नाव, मग गाव, तारीख, वेळ. मग किती दारं उघडीत, किती पाणी सुटतंय, धरणाला काही झालेलं नाही. ‘तो व्हिडिओ श्रीशैलमचा हाय, त्यात बारा दारं हायत, आपली सात. मोजून बघा.’ मागं पावसाचा आणि पाण्याचा आवाज. आम्ही तो दूध संस्थांच्या, ग्रामपंचायतींच्या, तरुण मंडळांच्या ग्रुपांवर सोडला. प्रत्येक गावात दूध संस्थेचा ग्रुप असतो आणि तो घरटी ऐकला जातो, हे मला आईमुळे माहीत होतं.

सव्वाअकराला मावशीकडून मेसेज आला. अण्णांचाच आवाज, वर दोन बाण. मी लगेच फोन लावला.

‘काका?’

‘हायत गोठ्यातच. मोजली त्यांनी दारं. सकाळी उजाडल्यावर ट्रॅक्टर येतोय, मग म्हशी घेऊनच निघत्यात. तू जेवलीस काय?’