अण्णांची गांधारी

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. जुन्या कॅसेटी, स्पूल, रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायच्या, हा माझा धंदा. त्यात लग्नाच्या कॅसेटी सर्वांत जास्त, त्याखालोखाल आजोबांनी रेडिओवरून उतरवून घेतलेली नाट्यगीतं. एलपी बऱ्यापैकी येतात. लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी मात्र महिन्याला जेमतेम चार-पाच. मला त्यातलं कळतं असा माझा तेव्हा समज होता.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला सत्तरीचे एक काका आले. मिरजेहून पहिल्या गाडीने निघाले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात एकच रेकॉर्ड. दहा इंची, एचएमव्हीची, कुत्रा आणि कर्णा शाबूत. लेबलावर रोमन अक्षरांत गांधारी आणि हुबळी एवढं वाचता येत होतं. खालची गाण्याची ओळ पुसली गेलेली. कडेला बोटभर पट्टा राखाडी आणि खरबरीत झालेला.

"काका, ही पुसलीत कशाने?"

"सॅनिटायझरने. तुम्हाला स्वच्छ द्यावी म्हटलं."

मी कपाळाला हात लावला. एलपी विनाइलची असते, तिला स्पिरिट थोडंफार चालतं. या रेकॉर्डी लाखेच्या. झाडावरच्या किड्यांची लाख, तिच्यात दगडाची पूड आणि काजळी. लाख स्पिरिटात विरघळते, सुतार पॉलिश करतात ते त्याच जोरावर. काकांनी भक्तिभावाने रेकॉर्डचा काठ विरघळवला होता. नशीब, त्यांची बाटली संपत आली होती.

ते ओशाळले. म्हणून मी विषय बदलला, तर ते भिंतीकडे बघून म्हणाले, "ती सोनेरी थाळी कसली?"

तो फोटो मी मुद्दामच लावला आहे, गिऱ्हाइकाशी बोलायला बरा पडतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्या दोन्हींवर ही तबकडी आहे. तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा, मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्या. कधी कुणा परग्रहवासीयाच्या हाती लागली तर त्याला पृथ्वीचं संगीत ऐकता यावं म्हणून. त्यात भारताचं एकच गाणं, आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावची बाई सूर्यमालेबाहेर पोचली. ती रेकॉर्ड शोधताना त्या लोकांची कोण धावपळ झाली होती. शेवटी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तीन प्रती निघाल्या. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

"नाव बरोबर लिहिलंय ना त्यांचं?" काकांनी विचारलं.

मला प्रश्न गमतीदार वाटला. "हो. सूरश्री केसरबाई केरकर."

"मग बरं आहे," म्हणाले आणि आपल्या रेकॉर्डकडे बघत बसले.

मी रेकॉर्ड धुवायला घेतली. लेबलावर झाकण दाबून, डिस्टिल्ड पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, चराच्या दिशेने गोल गोल. तेवढ्यात काकांनी गोष्ट काढली.

रेकॉर्ड त्यांच्या वडिलांची, अण्णांची. अण्णा मिरज स्टेशनात माल ऑफिसात कारकून. चावीचा फोनो होता, रेकॉर्डी विसेक. बाकीच्या फुटल्या, विकल्या, कुणी नेल्या. ही एकच अण्णांनी गादीखाली ठेवली. ती लावली की म्हणायचे, ही गंगूबाई. गंगूबाई हनगल.

"लेबलावर गांधारी लिहिलंय, आवाज चिमणीसारखा, आणि अण्णांचं आपलं गंगूबाई. आम्ही दोघे भाऊ लहानपणी नुसते ऐकायचो. मोठे झालो तसे हसायला लागलो. १९७८-७९ साल असेल, अण्णांना घेऊन आम्ही सवाई गंधर्व महोत्सवाला आलो. गंगूबाई बसल्या गायला. पहिला सा लावला आणि माझा भाऊ अण्णांच्या कानाशी वाकला, म्हणाला, काय अण्णा, हीच का तुमची गांधारी? अण्णा काही बोलले नाहीत. त्यानंतर ती रेकॉर्ड त्यांनी आमच्यासमोर कधी लावली नाही."

मी ब्रश थांबवला. गंगूबाईंचा आवाज कुणाला माहीत नाही? भारदस्त, खर्जातला, डोळे मिटून ऐकला तर पुरुष गातोय असं वाटावं. लेबलावर वेगळं नाव आणि गळा चिमणीचा. अण्णा चुकले होते हे मला धडधडीत दिसत होतं. मी तसं बोलूनही गेले. "वडीलधाऱ्यांच्या आठवणीत नावं सरमिसळ होतात, काका."

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. "तरी पण उतरवून द्या."

दुपारपर्यंत रेकॉर्ड वाळली. सुई बदलली. हे फार जण करत नाहीत आणि मग रेकॉर्डलाच नावं ठेवतात. एलपीची सुई लाखेच्या रेकॉर्डच्या रुंद चरात तळाशी लोळते, सगळी खरखर गोळा करते. तिला जवळजवळ तिप्पट जाड टोकाची सुई लागते. लावली. काठावरचा तो राखाडी पट्टा पार होईपर्यंत मुसळधार पाऊस पडत होता. मग पाऊस ओसरला आणि एक कोवळा, उंच पट्टीतला, तीक्ष्ण गळा खोलीत आला. अगदी तरुण मुलीचा. ताना मात्र तरुण नव्हत्या. कुठेही घाई नाही, प्रत्येक स्वरावर पाय नीट ठेवून.

काका पुढे सरकून बसले होते. तीन मिनिटं होत आली तसं म्हणाले, "शेवटी नाव नाही सांगत का? अण्णा म्हणायचे, जुन्या बाया नाव सांगायच्या."

सांगायच्या, खरं आहे, पण या रेकॉर्डच्या बरंच आधी. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन कलकत्त्याला आला. गौहर जानने गाणं संपताच इंग्रजीत 'माय नेम इज गौहर जान' म्हटलं ते त्याच वेळी. ती ऐट नव्हती. रेकॉर्डी छापल्या जायच्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळणार कसं आणि लेबल चिकटणार कोणतं? म्हणून गाणाऱ्यानेच ओरडून सांगायचं. नंतर छपाई इकडेच व्हायला लागली, वह्या नीट राहू लागल्या आणि ही पद्धत मागे पडली. काकांची गांधारी शेवटची तान घेऊन गप्प बसली.

आता माझ्यातला शहाणा जागा झाला. मला वाटलं, वेग चुकला असेल. जुन्या रेकॉर्डी सगळ्याच काही ७८ वर घेतलेल्या नसतात, आणि वेग वाढला की गळा बारीक होतो. अण्णांची बाजू एकदा तपासून टाकू. मी फेऱ्या कमी करत करत ६२ वर आणल्या. सूर पेटीच्या चार पट्ट्या खाली आला. आवाज जाड झाला खरा, पण तबला भिजलेल्या गोणपाटावर थाप मारल्यासारखा वाजायला लागला, पेटीला दमा झाला आणि शब्द झोपेत बोलल्यासारखे. वेग ७८ चाच बरोबर होता. मुलगी खरोखरच तशी गात होती.

"म्हणजे नाहीच," काका म्हणाले. आवाजात आश्चर्य नव्हतं. "मी जरा चहा घेऊन येतो."

ते गेल्यावर मला काय वाटलं कोण जाणे, मी दादरला नानांना फोन लावला. नाना आमच्या धंद्यातले आजोबा, वय ब्याऐंशी, घरात पलंगाखेरीज बाकी सगळ्या जागेत रेकॉर्डी. मी सगळं सांगितलं. वेग कसा तपासला तेही, जरा तोऱ्यातच.

नाना इतके हसले की खोकला लागला.

"अगं, गांधारी म्हणजेच गंगूबाई! १९३२ च्या सुमाराला एचएमव्हीने मुंबईला बोलावून त्यांच्या रेकॉर्डी घेतल्या, त्या सगळ्या गांधारी नावाने निघाल्या. बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकणं, ते सगळं पुढचं."

"पण आवाज, नाना?"

"आवाज तेव्हा तसाच होता! बारीक, उंच. पुढे घशाचं दुखणं झालं, उपचार झाले आणि आवाज खाली उतरला. दुसरी असती तर गाणं सोडून बसली असती. तू जो आवाज ओळखतेस तो नंतरचा."

मी काहीच बोलले नाही. पण नाना एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. "आणि लेबलावरच्या नावावर विश्वास कसला ठेवतेस? कलकत्त्याचा के. मल्लिक माहीत आहे? कालीमातेची गाणी गायचा, घरोघर त्याच्या रेकॉर्डी. नाव मोहम्मद कासेम. आपला तलत महमूद बंगाली गाण्यांवर तपनकुमार होता. अमला दास नावाच्या बाई, चांगल्या घरच्या, तर लेबलावर मिस दास आणि पुढे 'अमॅच्युअर'. म्हणजे काय? ही बाई पोटासाठी गात नाही, हे गिऱ्हाइकाला कळावं! त्या काळी लेबल म्हणजे बुरखा होता गं. आणि तू आपली फेऱ्या मोजत बसलीस."

मी विचारलं, "तुमच्याकडे गांधारीची एखादी आहे?"

"आहे. नंतरचीही आहे, गंगूबाई नाव छापलेली. फोनवर ऐकवतो, थांब."

फोनवरून ऐकून काही ठरवू नये हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. त्या दिवशी मी कानाला फोन दाबून उभी राहिले. आधी गांधारी, मग गंगूबाई. आवाज दोन माणसांचे वाटावेत इतके वेगळे. पण स्वरावर पोचायची पद्धत तीच. खालून, सावकाश, वजन देत, पोचल्यावर तिथे घट्ट उभं राहणं. माझ्या खोलीत दुपारपासून तेच वाजत होतं आणि मी गळ्याची जाडी मोजत होते.

काका वर आले ते माझ्यासाठीही कागदी कपात चहा घेऊन. मी त्यांना बसवलं आणि नानांनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. सकाळचं माझं वाक्यही परत घेतलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. फक्त एकदा विचारलं, "एकोणीस वर्षांच्या?"

"हो."

"अण्णाही तेव्हा तेवढेच. सतरा-अठरा." मग बराच वेळ ते टॉवेलाची घडी घालत राहिले. ती घडी आधीच घातलेली होती.

मी कामाला लागले, कारण दुसरं काही सुचेना. जिथे जिथे टकटक आवाज होता तो काढला, पण खरखर सगळी काढली नाही. ती पार पुसली की गळाही धुतला जातो, पोटातलं वजन निघून जातं. सुरुवातीचा सॅनिटायझरचा पाऊस तसाच ठेवू का, असं विचारलं तर म्हणाले, "राहू दे. तो माझा आहे."

फाइलला नाव द्यायची वेळ आली. "काय लिहू काका? गांधारी की गंगूबाई?"

"दोन्ही लिहा. आणि दोन प्रती करा. एक सांगलीला भावाला द्यायची आहे. तो माझ्यापेक्षा जास्त हसायचा."

पैसे देऊन ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हणाले, इथूनच फोन लावतो, तुम्ही जरा परत वाजवा. मी सुई ठेवली. पाऊस सुरू झाला. पलीकडून भावाने फोन उचलला तेव्हा मुलगी नुकती गायला लागली होती. काकांनी फोन स्पीकरवर टाकून टर्नटेबलाजवळ धरला.

"ओळख," ते म्हणाले.

"ही आपली गादीखालची ना? अण्णांची गांधारी."

"गंगूबाई आहेत."

पलीकडे थोडा वेळ नुसतीच शांतता. मग भाऊ म्हणाला, "काहीतरीच काय, दादा. मग सवाईला आपण कुणाला ऐकलं?"

"त्यांनाच," काका म्हणाले आणि रेकॉर्ड संपेपर्यंत फोन तसाच धरून उभे राहिले.